दहा पैशांचा हिशेब

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन तुम्ही एखाद्या मोठ्या शहरात फिरायला जाता. तासा-दोन तासांनी वडील हळूच विचारतात, "इथे जवळपास कुठे सोय आहे का रे?" आणि तुमची धावपळ सुरू होते. कॉफीच्या दुकानात शिरायचं, नको असलेली कॉफी घ्यायची आणि दार उघडायचा कोड पावतीवर शोधायचा. एवढा श्रीमंत देश, आणि भर बाजारपेठेत एक सार्वजनिक शौचालय सापडू नये, याचं पाहुण्यांना फार नवल वाटतं. "आमच्या स्टँडवर निदान पाच रुपये देऊन जाता तरी येतं," असं ते म्हणतात. ते खरंही असतं.

या फरकामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला, तर आज आफ्रिकेत आणि आशियात शौचालयांचा 'धंदा' करून गरिबी हटवण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांच्याकडे कसं पाहावं हेही कळतं. आपल्यापैकी अनेकजण गावाकडे शौचालयं बांधायला देणग्या पाठवतात, म्हणून हा हिशेब आपल्या उपयोगाचाही आहे.

१९७० च्या सुमाराला अमेरिकेत अंदाजे ५० हजार शौचालयं अशी होती, की कुलपात नाणं सरकवल्याशिवाय त्यांचं दार उघडत नसे. विमानतळ, बसस्थानकं, मोठी दुकानं, सगळीकडे ही कुलपं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या मार्च फाँग यू या सदस्य बाईंनी १९६९ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर शौचालयाचं भांडं घणाने फोडून निषेध केला. त्यांचा मुद्दा सरळ होता. पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र दर वेळी नाणं, हा कुठला न्याय? पुढच्याच वर्षी काही तरुणांनी 'कमिटी टू एंड पे टॉयलेट्स इन अमेरिका' नावाची संघटना काढली. १९७३ मध्ये शिकागोने पैसे घेणाऱ्या शौचालयांवर बंदी घातली, मग एकामागून एक राज्यांनी. दशक संपता संपता ती नाण्यांची कुलपं जवळजवळ नाहीशी झाली. चळवळ जिंकली. पण त्या जागी फुकट शौचालयं बांधून ती स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कोणी अंगावर घेतली नाही. कुलपं गेली, आणि हळूहळू दारंही गेली.

अमेरिकेत ही बंदीची लाट चालू असताना, १९७४ मध्ये, पाटण्याला ४८ संडासांचं एक सार्वजनिक शौचालय सुरू झालं. सोबत वीस न्हाणीघरं. वापराचा दर माणशी दहा पैसे.

एका देशाने पैसे घेणं बंद केलं आणि त्याच सुमाराला दुसऱ्याने सुरू केलं. यात शहाणं कोण?

पैसे होते, पण कोणाच्या हातात?

शौचालयासाठी पैसे घेण्याची कल्पना पाटण्याची नव्हे. लंडनच्या वाचकांना ठाऊक असेल, की १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या कारागिराने सार्वजनिक शौचालयं बसवली होती. वापराला एक पेनी. ८ लाख २७ हजार २८० जणांनी ती दिली अशी नोंद आहे. शौचाला जाण्यासाठी 'पेनी खर्च करणं' हा वाक्प्रचार इंग्रजीत आहे, त्याचं मूळ अशाच पेनीत.

पण आपल्याकडे तर यापेक्षा जुना व्यवहार होता, आणि त्याची साक्ष मराठी शब्द देतात. माणसांच्या मैल्यापासून बनवलेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. नावातच सोनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याची नगरपालिका शहरातला मैला राखेत मिसळून, वाळवून त्याचं खत आसपासच्या बागायतदारांना विकत असे. आधी शिवाशिवीमुळे नाक मुरडणारे शेतकरी पुढे उसाचं पीक पाहून ते घेऊ लागले. म्हणजे मैल्याला बाजारभाव होता, गिऱ्हाईक होतं, आणि नगरपालिकेला त्यातून उत्पन्न होतं. आज ज्याला 'कचऱ्यातून संपत्ती' म्हणून परिषदांमध्ये टाळ्या मिळतात, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या पुण्यात चालू होतं.

मुंबईत याचीच दुसरी बाजू दिसते. तिथे घरमालकांकडून 'हलालखोर कर' घेतला जाई. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टीच्या शेजारी हा कर याच नावाने होता. हलालखोर म्हणजे घराघरातला मैला उचलणारा कामगार. शब्दाचा मूळ अर्थ फार मानाचा आहे: रास्त कमाईचं खाणारा. घरामागच्या अरुंद गल्लीतून तो किंवा ती येई, संडासाखालची टोपली ओढून काढी, पाटीत उलटी करी आणि डोक्यावरून घेऊन जाई. पावसाळ्यात ती पाटी गळत असे.

आता हिशेब मांडून पाहा. घरमालक कर भरत होता. नगरपालिका पगार देत होती. पुण्यासारख्या ठिकाणी खत विकून वर पैसेही मिळत होते. व्यवहार म्हणून सगळं चोख होतं. तरीही पाटी वाहणारं घर पिढ्यानपिढ्या गरीबच राहिलं. कारण ते काम निवडलेलं नव्हतं, जातीने लादलेलं होतं. ते सोडून दुसरं मिळत नव्हतं, आणि अनेक प्रांतांत त्या कामाला नकार देणं हाच फौजदारी गुन्हा होता. डॉ. आंबेडकरांनी यावर नेमकं बोट ठेवलं होतं. या कामाची थोरवी गायची आणि ते ठरावीक लोकांच्याच गळ्यात ठेवायचं, याला त्यांचा कडाडून विरोध होता. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला मजुरीचा दर कसा ठरवता येणार?

धंदा असला की गरिबी आपोआप हटते, असं मानणाऱ्यांनी हा जुना हिशेब आधी वाचायला हवा.

अप्पा आणि समित्या

ही प्रथा मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न पैशाच्या नव्हे, सदसद्विवेकाच्या वाटेने झाला. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक 'कोकणचे गांधी' म्हणत, १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी तुरुंगातलं मैलासफाईचं काम, त्या काळच्या भाषेत 'भंगीकाम', स्वतःसाठी मागितलं. हे काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, असं सांगून तुरुंगाने नकार दिला. अप्पांनी अन्न कमी केलं. येरवड्याला असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरमध्ये उपोषण आरंभलं आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून अप्पांनी मैल्याचं खत करणाऱ्या स्वस्त संडासांचे प्रयोग केले. उद्देश हा, की मैल्याला कोणाला हात लावावाच लागू नये.

स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या. मुंबई राज्याने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. पुढे केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. निदान नेमकं होतं. पाटीऐवजी ढकलगाडी द्या, हातमोजे द्या, टोपलीचे संडास बदला. अहवाल छापले गेले आणि कपाटात गेले. याचं कारण वाईट हेतू एवढंच नव्हतं. टोपलीचा संडास बदलायला घरमालकाला पैसे लागत, नगरपालिकेकडे पैसे नसत, आणि जो दुर्गंध सकाळी सातच्या आत दुसरं कोणी उचलून नेतं, तो घालवायची घाई कोणाला नसते.

विवेक जागा झाला होता. त्याला हातपाय देणारी व्यवस्था नव्हती.

पाटण्याचा प्रयोग

बिंदेश्वर पाठक यांचा जन्म १९४३ मध्ये बिहारमधल्या वैशाली भागातल्या ब्राह्मण घरात झाला. लहानपणी त्यांनी मैला उचलायला येणाऱ्या बाईला हात लावला, म्हणून आजीने त्यांना शुद्धीसाठी शेण, वाळू आणि गंगाजल गिळायला लावलं, ही आठवण ते स्वतः सांगत. १९६८ मध्ये ते गांधी जन्मशताब्दीसाठी नेमलेल्या बिहारच्या समितीत कामाला लागले आणि त्यांना बेतियाच्या सफाई कामगारांच्या वस्तीत काही महिने राहायला मिळालं. १९७० मध्ये त्यांनी संस्था काढली. तीच पुढे 'सुलभ' म्हणून देशभर माहीत झाली.

त्यांचा संडास साधा होता. एका भांड्याला दोन खड्डे जोडलेले. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. दीड-दोन लिटर पाणी पुरे. पहिल्या खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत वाळून मातीसारखा होतो, वास राहत नाही, आणि ते खत खोऱ्याने काढता येतं. गटार नको, टाकी नको, आणि टोपली उचलायला माणूस नको. दोन खड्ड्यांची कल्पना मुळात नवी नव्हती. लखनौच्या संस्थेत पन्नाशीच्या दशकातच अशा संडासांवर काम झालं होतं. पाठकांनी नवं काय केलं, तर त्या कल्पनेला जमाखर्चाची वही जोडली.

सुरुवातीची वर्षं हलाखीची गेली. सरकारी अनुदानाची वाट पाहता पाहता संस्था डबघाईला आली. अनुदानावर विसंबू नका, कामाचे पैसे घ्या, असा सल्ला त्यांना एका अधिकाऱ्याने दिला. १९७३ मध्ये आरा गावच्या नगरपालिकेतून नमुन्याचे दोन संडास बांधायला पाचशे रुपये मिळाले. ते लोकांना पसंत पडले. दुसऱ्या वर्षी बिहार सरकारने स्थानिक संस्थांना टोपलीचे संडास बदलण्यासाठी याच संस्थेची मदत घ्यायला सांगितलं.

आणि त्याच वर्षी पाटण्याचं ते ४८ संडासांचं शौचालय उभं राहिलं. लोक हसले. इथे माणसं रेल्वेचं तिकीट काढत नाहीत, संडासाला पैसे कोण देणार? पहिल्या दिवशी पाचशे लोक आले. दहा पैशांप्रमाणे पन्नास रुपये.

त्या पन्नास रुपयांमागची रचना समजून घेण्यासारखी आहे. जागा नगरपालिकेची, बांधकामाचा खर्चही तिचाच. पण पुढची तीस वर्षं ते स्वच्छ ठेवण्याची हमी संस्थेची, आणि त्यासाठी नगरपालिकेकडे एक पैसाही मागायचा नाही. पाणी, साबण, दिवे, दुरुस्ती, कामगारांचा पगार, सगळं त्या दहा पैशांतून. स्टेशन आणि बाजारातल्या शौचालयांत नफा होई, त्यातून गरीब वस्तीतल्या शौचालयांचा तोटा भरून काढायचा. तोवर सरकारी संडासांची गोष्ट सगळीकडे सारखीच असे. उद्घाटनाला फीत, दुसऱ्या महिन्यात नळ चोरीला, सहाव्या महिन्यात दाराला कुलूप. रोज थोडे पैसे देणारं गिऱ्हाईक आलं, तेव्हा झाडू मारण्याचं कारणही रोजचं झालं. घाणेरड्या संडासाला कोणी दुसऱ्यांदा दहा पैसे देत नाही.

अमेरिकेने जे घालवलं ते हेच. नाणं अन्यायाचं होतं हे खरं, पण त्याच नाण्यातून झाडूचा खर्च निघत होता.

महिन्याचे दीडशे रुपये

म्हणून पाटणा शहाणं आणि शिकागो वेडं, असं म्हणून हा लेख संपवता आला असता. पण दहा पैशांचा हिशेब प्रवाशासाठी वेगळा आणि रोजच्या रहिवाशासाठी वेगळा असतो.

प्रवासी स्टेशनवर एकदा पैसे देतो आणि विसरतो. झोपडपट्टीत घरात संडास नसलेल्या कुटुंबाचं तसं नाही. पुढे दर वाढून एक रुपया झाला तेव्हाचं गणित करू. पाच माणसांचं कुटुंब, प्रत्येकाने दिवसातून एकदाच जायचं, म्हणजे रोजचे पाच आणि महिन्याचे दीडशे रुपये. जुलाब झाले तर त्याहून जास्त. मग घरात काटकसर सुरू होते. लहान मुलं गटाराच्या काठावर बसतात. बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि अंधार पडायची वाट पाहते. ज्या आजारांपासून वाचायला संडास बांधला, ते आजार मागच्या दाराने परत येतात. आजारपण म्हणजे बुडालेली मजुरी आणि औषधाचं कर्ज. अपुऱ्या स्वच्छतेमुळे भारताला २००६ या एका वर्षात झालेलं नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्क्यांइतकं होतं, असा अंदाज जागतिक बँकेच्या पाणी व स्वच्छता कार्यक्रमाने मांडला होता. ते नुकसान असंच थेंबाथेंबाने घराघरांतून गळतं.

यावर एक उत्तर पुण्यात निघालं. १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना महापालिकेने वस्त्यांमध्ये शौचालयं बांधण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांना निविदा भरायला बोलावलं. 'स्पार्क' ही संस्था, जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि 'महिला मिलन' या वस्तीतल्या बायकांच्या गटांनी मिळून शंभरावर शौचालयं बांधली. यातली काही कंत्राटं वस्तीतल्या बायकांनीच घेतली. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, त्या सिमेंटचा भाव करू लागल्या आणि इंजिनिअरशी हुज्जत घालू लागल्या.

त्यांनी बांधलेल्या शौचालयांत बाईचा हात दिसतो. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी. लहान मुलांसाठी वेगळे, छोट्या मापाचे संडास, धरायला दांडी. कारण रांगेतली मोठी माणसं मुलांना ढकलून पुढे जातात, हे आईला माहीत असतं, नकाशा काढणाऱ्याला नसतं. देखभाल करणाऱ्याला राहायला तिथेच खोली. आणि दर माणशी नाही, कुटुंबाचा मासिक पास वीस रुपयांचा. दीडशेच्या जागी वीस. एका कुटुंबाने कितीही वेळा जावं, नाणं मोजायला नको.

बायकांचा दुसरा प्रश्न मात्र बरीच वर्षं तसाच राहिला. २०११ मध्ये मुंबईत अनेक संघटनांनी एकत्र येऊन 'राइट टू पी' मोहीम सुरू केली. मागणी काय? सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे बंद करा. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये घणाने सांगितलेली गोष्ट बेचाळीस वर्षांनी मुंबईत पुन्हा सांगावी लागली.

नैरोबीतली निळी दारं

पाटणा आणि पुण्याचा धडा पुढे आफ्रिकेत वेगळ्या रूपात दिसतो. पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या वाचकांना नैरोबीच्या झोपडपट्ट्यांमधले 'उडते संडास' ऐकून माहीत असतील. रात्री बाहेर पडायची भीती, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत उरकायचं आणि पिशवी अंधारात भिरकावून द्यायची. तिथल्या मुकुरू वस्तीत २०११ मध्ये 'सॅनर्जी' या कंपनीने काम सुरू केलं. तिचे संस्थापक अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्यार्थी होते. त्यांनी शौचालय हे वस्तीतल्याच माणसाला विकलं. तो किंवा ती 'फ्रेश लाइफ' नावाचं निळं शौचालय चालवणार, शेजाऱ्यांकडून थोडे शिलिंग घेणार आणि ती कमाई स्वतःकडे ठेवणार. खाली बंद डबा असतो. कंपनीची माणसं तो हातगाडीवरून नेतात, रिकामा डबा ठेवतात, आणि गोळा झालेल्या मैल्यापासून खत तयार होतं. शिवाय एका जातीच्या माशीच्या अळ्या त्यावर वाढवून जनावरांचं खाद्य बनवलं जातं.

सोनखतच ते, नव्या कपड्यात. फरक एवढाच, की इथे वाहणाऱ्याला गणवेश, हातमोजे, बूट आणि ठरलेला पगार आहे, आणि तो उद्या ही नोकरी सोडून दुसरी धरू शकतो.

पण याचाही जमाखर्च पूर्ण पाहायला हवा. अरुंद बोळांतून रोज डबे गोळा करायला जो खर्च येतो, तो खत विकून भरून निघत नाही. तूट देणग्यांनी भरावी लागते. म्हणून हे लोक आता सरकारला सांगतात, की श्रीमंत वस्तीत गटारं तुम्ही करदात्यांच्या पैशाने टाकता, मग गरीब वस्तीत तेच काम आम्ही करतो त्याचे पैसे का देत नाही?

हा प्रश्न सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो. बंगल्यात राहणारा माणूस कधीही शौचाला जाण्यापूर्वी खिसा चाचपत नाही. त्याचा मैला ज्या नळातून जातो, त्याला सगळ्या शहराने पैसे दिलेले असतात. 'गरिबांनी वापराचे पैसे द्यावेत, म्हणजे त्यांना किंमत कळते,' असं म्हणणाऱ्यांनी स्वतः आज सकाळी किती पैसे दिले?

वाईची गाडी

त्या प्रश्नाचं एक उत्तर मला सातारा जिल्ह्यात दिसतं. कृष्णेच्या घाटांचं आणि विश्वकोशाचं वाई. भारतातल्या बहुतेक छोट्या गावांप्रमाणे तिथेही गटारापेक्षा घरोघरच्या सेप्टिक टाक्यांवर भिस्त. टाकी वर्षानुवर्षं उपसली जात नाही. ती तुंबली की घरमालक मिळेल त्याला बोलावतो, तो मागेल ते पैसे देतो, आणि उपसा कुठल्या तरी ओढ्यात जातो. २०१८ मध्ये वाई नगरपालिकेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने वेगळा नियम केला. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तेच केलं. गावातली प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या वेळी उपसायची. गाडी खासगी ठेकेदाराची, कामाप्रमाणे पैसे. उपसा प्रक्रिया केंद्रात. आणि गाडी दारात आल्यावर घरमालकाने काही द्यायचं नाही, कारण ते पैसे स्वच्छता करातून येतात.

म्हणजे मुंबईच्या हलालखोर कराचीच ही रचना: घरांकडून कर, आणि करातून सेवा. पण डोक्यावरच्या पाटीच्या जागी गाडीचा पंप आला. धंदा आहे, ठेकेदाराला नफा आहे, आणि तरीही गरिबाला दारात मोल करावं लागत नाही.

राहिला प्रश्न काम करणाऱ्याचा. डोक्यावरून मैला वाहण्याला १९९३ च्या कायद्याने बंदी झाली, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला. बेझवाडा विल्सन यांच्या 'सफाई कर्मचारी आंदोलना'ने कोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसं अजून गटारात उतरत होती. त्यातली बहुतेक ठेकेदाराकडची. ठेकेदारावर ठेकेदार, आणि अपघात झाला की कोणाचीच सही सापडत नाही. खासगी धंद्याची ही काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक करणं लबाडी ठरेल.

पण धंद्याची मालकी कोणाकडे, हे बदललं की चित्र बदलू शकतं. दिल्लीत २०१९ मध्ये गटार साफ करणारी दोनशे यंत्रं रस्त्यावर आली. मिलिंद कांबळे यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या 'डिक्की' या दलित उद्योजकांच्या संघटनेचा त्यात पुढाकार होता. स्टेट बँकेने कर्ज दिलं. यंत्राची मालकी देताना गटारात मरण पावलेल्यांच्या घरच्यांना आणि हाताने मैला साफ करणाऱ्यांना प्राधान्य मिळालं. ज्या घराने गटारात माणूस गमावला, त्या घराच्या नावावर आता यंत्र आणि सरकारी कंत्राट. हप्ते फेडायचे आहेत, बिलं वेळेवर निघायला हवीत, सगळं गोड नाही. पण धंद्यातून गरिबी हटणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

पाठकांच्या कामाचाही सर्वांत टिकाऊ भाग बहुधा हाच ठरेल. राजस्थानात अलवरला २००३ मध्ये त्यांनी डोक्यावरून मैला वाहणाऱ्या बायकांसाठी केंद्र काढलं. तिथे त्या शिवण, पापड-लोणची शिकल्या आणि विकू लागल्या. त्यांच्यातल्याच उषा चौमर यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पाठक स्वतः १५ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत गेले.

देणगी पाठवण्याआधी

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी गावाकडच्या शौचालयासाठी निधी मागेल, किंवा ओळखीचा एखादा तरुण आफ्रिकेतल्या स्वच्छतेच्या स्टार्टअपमध्ये पैसे घाला म्हणेल, तेव्हा टाइल्सचा रंग आणि नामफलकाचं माप विचारू नका. तीन गोष्टी विचारा.

पहिली, पाचव्या वर्षी फिनाइलचे पैसे कोण देणार? बांधायला एकदा पैसे लागतात, स्वच्छ ठेवायला रोज. याचं उत्तर नसेल, तर तुमची देणगी कुलूप लावलेल्या खोलीवर खर्च होणार आहे.

दुसरी, त्या वस्तीतल्या सर्वांत गरीब घराला महिन्याला किती पडतील, आणि बाईला पुरुषापेक्षा जास्त पडतील का? शिकागो आणि मुंबई दोन्हीकडे हिशेब इथेच चुकला होता.

तिसरी, मैला पुढे कुठे जातो आणि तो नेतो कोण? त्याचा पगार किती, त्याच्या हातात मोजे आहेत का, कंत्राटावर नाव कोणाचं आहे, आणि त्याची मुलगी शाळेत काय शिकते? खिडकीत बसून पैसे घेणारा आणि आत झाडू मारणारा, दोघांची आडनावंही विचारून पाहा. उत्तर ऐकून तुम्ही गप्प झालात, तर ज्याने विचारायला हवं होतं त्यानेच विचारलं असं समजा.

पुण्याच्या सोनखताने उसाची शेतं पिकवली, नगरपालिकेची तिजोरी भरली, आणि ते वाहणाऱ्याच्या घरात काहीच टाकलं नाही. तेव्हाही धंदा बुडीत नव्हता. हिशेबाच्या वहीत एका माणसाचं नाव लिहायचं राहिलं होतं, एवढंच.